बारचा स्टॉप

अरे, हे आत्ताच सांगायला हवं! कॉलेजला जाताना आमच्या पेडण्याच्या बसवर एक कंडक्टर होता, "फुडें चल गे, फुडें!" म्हणत सगळ्यांना आत ढकलणारा. वाटेतल्या एका स्टॉपला तिथल्या दारूच्या बारमुळे सगळे 'बार'च म्हणायचे. कंडक्टरचा धाकटा भाऊ दारू सोडून तुयेच्या फॅक्टरीत लागला, आमच्याच बसने जायला लागला. त्या दिवसापासून त्या स्टॉपला कंडक्टर बारसमोरच्या नळाचं नाव घेऊन ओरडायचा, "नळाकडले कोण?"

एक काका चिडले, "बार म्हण मरे!"

"असो स्टॉप नाय, काका."

भाऊ पुढच्या सीटवरून हसला. "दादा, माका बार दिसता रे. तू फकत बाजूक उबो रव."

मग तिथे कंडक्टर ओरडायचाच नाही. भावाच्या खांद्यावर हात ठेवून बस सुटेपर्यंत उभा राहायचा. तुमच्या माणसासाठी असं कोणी उभं राहिलंय का?