माझा आवाज, सासूबाईंचा नवस आणि एक पेला पाणी

"टीचर, तुमचा घसा ठणठणीत आहे. बिघडलाय तो थायरॉइड. आजाराचं नाव हाशिमोटो."

डॉक्टरबाईंनी रिपोर्टातल्या दोन आकड्यांभोवती पेनाने गोल केले. मी तर खोकल्याचं एखादं चांगलं औषध लिहून घ्यायला गेले होते! मी एकच प्रश्न विचारला, "मला परत गाता येईल ना?"

मी होळी नावाच्या गावात राहते, शाळेत शिकवते आणि गेली अठरा वर्षं आमच्या चर्चच्या गायनवृंदात पहिला सूर लावते. त्या नाताळात तो सूर लागेना. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, केस गळायला लागलेले. डिसेंबरात सगळे पंखा लावून झोपत आणि मी दोन गोधड्यांत. पण घर आणि शाळा सांभाळणारी बाई थकली तर कोण डॉक्टरकडे जातं? वर्गातली पोरं म्हणाली, "टीचर, तुमचा आवाज पीटीच्या सरांसारखा झालाय." वर्गात मी हसले. घरी येऊन रडले.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते तसंच लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी ते उपयोगी पडेल. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन उचलून त्याचं हार्मोन बनवतात. त्या कामाला टीपीओ नावाचं एक प्रथिन लागतं. अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, ही शरीराची राखण करणारी. माझ्या शरीराने टीपीओलाच परकं ठरवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली होती. "वाडीतला राखणीचा कुत्रा घरच्याच कोंबड्या धरायला लागला, असं समजा," त्या म्हणाल्या. या हल्ल्यात पेशी सुजतात, हळूहळू मरतात आणि हार्मोन कमी पडतं. मग मेंदूखालची ग्रंथी 'काम करा, काम करा' म्हणून ओरडते. ते ओरडणं म्हणजे टीएसएच. माझं टीएसएच फार वाढलं होतं. काही जणांत उलटंही होतं. त्यांची प्रतिपिंडं पेशींना सतत कामाला जुंपतात आणि हार्मोनचा पूर येतो. त्या आजाराला ग्रेव्हज म्हणतात.

"प्रतिपिंडं राहतीलच. कमी पडणारं हार्मोन आपण गोळीने देऊ. आवाज बहुतेक परत येईल, पण धीर धरा."

रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची एक गोळी साध्या पाण्याबरोबर. नंतर तासभर चहासुद्धा नाही. सोपं होतं.

घरी सासूबाईंना पटेना. त्यांचं माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं. "आमच्या घरात रोज म्हावरं, आन् हिला आयोडीन कमी?" आयोडीन कमी नाही, असं मी तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि बोंबलाची आणखी एक तुकडी माझ्या ताटात वाढली.

सहा आठवड्यांनी टीएसएच उतरलं. मी खूश झाले. तेवढ्यात ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ आला. माझा आवाज परत यावा म्हणून सासूबाईंनी नवस बोलला, की ईस्टरपर्यंत आम्ही दोघींनी रोज पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं.

पहिल्याच पहाटे मी गोळी हातात घेतली तर त्यांनी मनगट धरलं. "पोरी, ख्रिस्तप्रसादाच्या अगोदर पानी पन तोंडात घ्यायचं नाय."

मी वाद घातला नाही. नवस माझ्यासाठी होता, आणि त्यांचं मन मोडवेना. मग मिस्साहून आल्यावर चहा, पाव आणि माझ्या नेहमीच्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर मी थायरॉक्सिनही घेऊन टाकू लागले. पोटातच जाते ना, मग काय फरक पडतो! शिकलेल्या माणसाची अक्कल ही अशी.

ईस्टरच्या आदल्या, पवित्र आठवड्यातल्या रिपोर्टात टीएसएच पुन्हा वर. डॉक्टरबाईंनी डोस वाढवला नाही. त्यांनी विचारलं, "गोळी नेमकी कशी घेता?" मी सगळं सांगितलं. "चहा आणि कॅल्शियमबरोबर घेतलेली गोळी अंगाला पुरेशी लागतच नाही, टीचर. कॅल्शियम चार तासांनी घ्यायचं."

त्या ईस्टरला मी बाकावर बसून होते. पहिला सूर दुसरीने लावला. चांगला लावला, आणि मला ते सहन झालं नाही.

घरी सासूबाईंना कळलं. "म्हंजी माज्या नवसानंच तुजा आवाज खाल्ला?" मी नाही नाही म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच फादरांकडे गेल्या. फादर म्हणाले, "आजी, औषध आणि पाणी चालतं. पाण्याने उपास मोडत नाही, हा नियम कधीचाच बदललाय." परत येऊन त्या माझ्यावरच रागावल्या, "तू तरी विचारायचं ना गो!"

खरंच, विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा. डॉक्टरांना, फादरांना, ज्यांना विचारायचं त्यांना.

जूनमध्ये टीएसएच जागेवर आलं, आणि एका रविवारी मी पुन्हा पहिला सूर लावला. वरच्या पट्टीत किंचित थरथरला, पण लागला. प्रतिपिंडं अजून रक्तात आहेत. गोळी जन्मभराची आहे. तक्रार नाही. डॉक्टरबाईंचे, फादरांचे आणि पीटीच्या सरांची आठवण काढणाऱ्या माझ्या पोरांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि सासूबाईंचे. रविवारी पहाटे त्या गोळी आणि पेलाभर पाणी घेऊन माझ्या उशाशी उभ्या असतात. मी गिळली, हे बघितल्याशिवाय हलत नाहीत. मग रिकामा पेला उचलतात, डोक्यावर पदर घेतात आणि स्वतः थेंबभरही पाणी न घेता माझ्याबरोबर चर्चला निघतात.