बादलीची हाक

समुद्रातल्या माशांच्या पिंजऱ्यांवर बावीस वर्षं नोकरी करून बादलीवाल्या काकांनी माशांना एकच शिस्त लावली होती. खाद्याची बादली कठड्यावर तीनदा आपटली, की पाण्यातून शेकडो तोंडं वर यायची. "घरात मी घसा फोडला तरी कुणी ढुंकून बघत नाही, आणि इथे बघा!" ते कौतुकाने सांगायचे. त्यावर काकू म्हणायच्या, "मग जेवायलाही तिकडेच बसा."

त्या आठवड्यात पाणी तांबूस झालं. काकांची मुलगी तिथेच पाणी तपासायची. सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत ती म्हणाली, "बाबा, विषारी शेवाळ आहे. सगळं वरच्या दोन मीटरमध्ये. मासे खाली राहिले तर वाचतील. खाद्य टाकू नका, खायला म्हणून वर आले की संपलंच."

"किती दिवस?"

"वारा फिरेपर्यंत."

चार दिवस काकांनी खाद्याच्या पोत्याला हात लावला नाही. घरी तेही अर्ध्या ताटावरून उठायचे. रोज पिंजऱ्याकडेच्या फळीवर उकिडवे बसून ते गढूळ पाण्याकडे बघत राहायचे. मुलीने खाली सोडलेल्या कॅमेऱ्यातही काही दिसत नव्हतं. दोन हजार जीव आहेत की गेले, काही कळायला मार्ग नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांना राहवेना. जिवंत आहेत एवढंच बघायचं होतं. खायला द्यायचा विचारही मनात नव्हता. त्यांनी रिकामी बादली उचलली आणि तीनदा आपटली.

आले. सगळेच्या सगळे आले. काकांना इतकं हायसं वाटलं की ते मोठ्याने हसले. "आहात रे, आहात!" आणि मग पाण्याचा तांबूस रंग त्यांच्या नजरेत भरला. "जा, खाली जा," म्हणत ते दोन्ही हातांनी पाणी बडवू लागले. पाणी हललं की खाणं येतं, एवढंच त्या माशांना ठाऊक होतं. खाली जायची खूण काकांनी त्यांना कधी शिकवलीच नव्हती.

दुपारपर्यंत पिंजरा पांढऱ्या पोटांनी भरला. मुलगी होडीतून उतरली आणि पिंजऱ्याच्या कडेला आली.

"बाबा, खायला घातलंत?"

"एक दाणाही नाही."

ती जाऊन पोती बघून आली. शिवण जशीच्या तशी होती. "मग तुमची काही चूक नाही, बाबा," ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली. "आपोआपच वर आले असतील. अहवालात तसंच लिहिते."

काकांनी तिचा हात बाजूला केला.

"आपोआप नाही गं," ते म्हणाले. "मी बोलावलं, म्हणून आले."