मागच्या बाकाची गादी

परवा अकोल्याला जायचं होतं, धाकट्या बहिणीला भेटायला. माझी नात मुग्धा मोबाईलवर बसचं तिकीट काढत होती आणि मी शेजारी बसून बघत होते. नव्वदी ओलांडली असली तरी डोळे शाबूत आहेत माझे... (टाइप तिनेच केलंय, चुका तिच्या.)

स्वस्त सीट कुठे होती सांगू? सगळ्यात खाली, फिकट अक्षरांत. तिच्यावर बोट ठेवलं की मोबाईल विचारणार, ही सीट कडक आहे, मागे झुकत नाही, नक्की हीच हवी का? महागाच्या सीटचं बटण मात्र हे एवढं मोठं, पिवळंधमक...

मी म्हटलं, हीच घे. मुग्धा म्हणाली, "आजी, कंबर जाईल तुझी." मला हसूच आलं. ही युक्ती मी तिच्या मोबाईलच्या कितीतरी आधीपासून ओळखते.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, इंग्रज अजून जायचे होते. बाबा मोर्शीला शाळामास्तर आणि मी शिकायला अमरावतीला, काकांकडे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मोटारीने घरी, सोमवारी सकाळी परत... त्या दीड दिवसाच्या जोरावर माझा अख्खा आठवडा निघायचा.

मोटारीत पुढची बाकं महागाची, मागची स्वस्ताची. गाद्या दोन्हीकडे होत्या. त्यामुळे मास्तर, भटजी, वकिलांचे कारकून, सगळी मंडळी खुशाल मागे बसायची.

मग एका शनिवारी बघते तर मागच्या गाद्या गायब! नुसत्या फळ्या, त्यातून वर आलेली खिळ्यांची डोकी, आणि खाली गिट्टीचा रस्ता... घरी पोचेपर्यंत अंग काळंनिळं झालं. आईने तेल-हळद लावली आणि बाबा तरातरा मोटारीच्या एजंटकडे गेले.

एजंट बाबांचा जुना विद्यार्थी, म्हणून खरं ते बोलला. "मास्तर, गादीले असे किती पैसे पडते? पण मांगं आराम भेटला तं पुढं कोण बसन?" कंपनीने गाद्या काढल्या होत्या त्या खर्च वाचवायला नव्हे, आम्हाला टोचायला.

बाबा घरी येऊन हिशेब मांडत बसले. पुढच्या बाकाचं भाडं दर आठवड्याला झेपणारं नव्हतं आणि मला फळीवर बसवणं त्यांच्या जिवावर आलं. शेवटी ठरलं की मी महिन्यातून एकदाच यायचं, पण पुढे बसून.

शनिवार आला की मी काकांच्या ओट्यावर बसून राहायची. लांबून मोटारीचा भोंगा ऐकू यायचा... आता सगळे निघाले असतील. आईच्या आठवणीने पोटात दुखायचं. खरंखुरं दुखायचं, काकूने दोनदा ओवा चावायला दिला!

त्याच मोटारीने पार्वताबाई जायची. मोर्शीची माळीण, झेंडू-शेवंती अमरावतीला विकायची आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतायची. दोन शनिवार मी दिसले नाही, तर ही बाई थेट बाबांच्या शाळेत जाऊन विचारून आली.

तिसऱ्या शनिवारी ती काकांच्या दारात उभी. बगलेत गोणपाटाची गादी, आत घरचा कापूस गच्च भरलेला. "चाल वं पोरी. मास्तरले पुसलं म्या. तुही माय वाट पाहून राहिली."

स्टँडवर तिथला एजंट आडवा आला, गादीचं लगेज लागेल म्हणे. पार्वताबाईने गादी फळीवर टाकली, मला उचलून तिच्यावर बसवलं आणि त्याच्याकडे वळली. "काऊन गा, माणसाच्या बुडाखालचं कधी लगेज असते काय?" अख्खी मोटार हसली, पुढच्या बाकावरचे वकीलसाहेबसुद्धा. एजंट वाटेतून बाजूला झाला.

त्यानंतर माझा एकही शनिवार चुकला नाही. मी गादीवर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. तिच्या लुगड्याला झेंडूचा वास यायचा... असा वास पुन्हा कुठल्याही फुलवाल्याकडे आला नाही मला.

मोटार आदळली की मला जाग यायची. तेव्हा पार्वताबाई बाजूचा दांडा धरून अर्धवट उठलेली असायची. मला वाटायचं, मोर्शी आली का ते माझ्यासाठी बघतेय.

पुढे मॅट्रिक झाले, नागपूरला गेले, लग्न झालं. मोर्शीला परत गेले तेव्हा पार्वताबाई राहिली नव्हती. माणसं असताना बोलायचं राहून जातं...

तर परवाची बस. सीट खरंच कडक होती, कंपनीने शब्द पाळला म्हणायचा! मुग्धाने पिशवीतून उशी काढून माझ्याखाली सारली आणि स्वतः शेजारी तशीच बसली. बस निघाली, मी तिच्या खांद्याला टेकून डुलक्या घेऊ लागले.

गाडी एका खड्ड्यात दणकन आदळली आणि मी डोळे उघडले. मुग्धा पुढच्या सीटचा दांडा धरून अर्धवट उठली होती. मी विचारलं, "काय गं, अकोला आलं का?" तर म्हणाली, "नाही गं आजी... लागतं."

मग अकोला येईपर्यंत मला झोप लागली नाही. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? गादी एकच होती.

पार्वताबाई, एकदा भेट गं. या खेपेला फळीवर मी बसते.