बेटावरचा दगडी धक्का

पळसदेवजवळ भीमेच्या पात्रात आमचं दहा-बारा घरांचं बेट होतं. नावेतून उतरलं की गुडघाभर चिखल. अर्ज करकरून शेवटी सरकारनं दगडी धक्का बांधून दिला. असे सपाट, खरबरीत दगड आम्ही बायकांनी जन्मात पाहिले नव्हते; दुसऱ्याच दिवशी तिथं धुणी सुरू झाली. इंदापुराहून मामलेदार पाहणीला आले, तेव्हा धक्काभर लुगडी वाळत होती. नावाड्यानं मुकाट नाव चिखलात लावली. साहेब उतरले ते पचकन चिखलातच बसले.

"धक्का नावेसाठी बांधलाय!" ते ओरडले.

सासूबाई म्हणाल्या, "व्हय रावसाहेब, पण नाव कवातरी येती, धुणं रोज असतंय. आणा ते धोतर हिकडं."

मी धोतर धक्क्यावर आपटलं. ते वाळेपर्यंत साहेब सासूबाईंचं लुगडं गुंडाळून बसले आणि पाहणीच्या कागदावर त्यांनी लिहिलं: धक्का फार उपयोगाचा आहे.