दादा आणि सायलीच्या पेशी

मटकी निवडत बसले होते, तेव्हा सायलीचा फोन आला. "आत्या, तू ये," एवढंच म्हणाली. सांगलीहून मलकापूरला पोचेपर्यंत मी तिला उलटा फोन केला नाही... विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दादा माझा थोरला भाऊ. हायवेच्या कडेला त्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसायची, नवी गुंडाळायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. अंगानं थोराड, पोट सुटलेलं. छातीत दुखायला लागलं त्या दिवशी पित्त समजून सोडा प्यायला आणि परत कामाला बसला. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. हृदयाचा स्नायू जेवढा मेला, तेवढा मेलाच. मग दुकानाच्या पायऱ्या चढतानाही त्याला धाप लागू लागली, पाय सुजू लागले.

आणि नेमकी त्याचीच लेक सायली पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच कामावर. माणसाच्या चरबीतून काही पेशी वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या आणि दुखावलेल्या हृदयाला सावरायला त्यांची मदत होते का ते पाहायचं. दिवाळीत तिनं हे सांगितलं, तेव्हा दादानं पोटावर हात ठेवला. "चरबी लय हाय माज्याकडं. लागंल तेवढी घे की."

आम्ही हसलो. सायली हसली नाही. या पेशींचा नवा स्नायू होत नाही, त्यांच्यातून जे पाझरतं त्यानं आजूबाजूचा जिवंत स्नायू तग धरतो असं दिसतं, पण माणसांत कधी गुण येतो, कधी नाही; हा अजून उपचार नाही, असं ती सांगत राहिली. तरी एका मोठ्या रुग्णालयात रीतसर चाचणी चालू होती, तिथं तिनं दादाचे रिपोर्ट पाठवले. त्याची किडनी कमजोर झाली होती. चाचणीत घेता येणार नाही, असं उत्तर आलं.

तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली, एक डॉक्टर अशा पेशी खासगीत टोचतो. वहिनी आणि मी सायलीच्या मागं लागलो.

"ते काय टोचतात ते कुणालाच माहीत नाही, आत्या. मी बाबांना तिथं नेणार नाही."

परक्यांसाठी शिकलीस, बापासाठी न्हाई, असं वहिनी बोलून गेली. कुणाची समजूत घालावी, मला कळेना.

शेवटी दादानंच तिला जवळ बसवलं. "पोरी, मोटर भरायची तर आदी बंद करावी लागती. ही छातीतली चालू हाय तवर कोन हात घालनार? तू तुजं काम कर. माज्यापायी घाई करू नगंस."

त्यानंतर ती सुट्टीला आली की त्याचे पाय चेपत बसायची. सुजेवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा, तो भरून येईपर्यंत ती बघत राहायची. एवढी शिकलेली मुलगी... आणि हातात तेवढंच.

आडवं झालं की दादाला श्वास पुरत नसे. शेवटी शेवटी तो भिंतीशी उशा रचून, त्यांना टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. वहिनीनं त्याचे कपडे वाटून टाकले, उशा मात्र हलवल्या नाहीत. परवा मी तिथं असताना सायली आली, हातपाय धुऊन त्या उशांना टेकली आणि तशीच झोपी गेली. वहिनी तिला जेवायला उठवायला आली, दारातच थबकली. मग मागं फिरली आणि शिट्टी व्हायच्या आत तिनं कुकरखालचा गॅस बंद केला.