बेचाळिसावी चिठ्ठी

इब्राहिमभाई परकार गेल्याचा फोन हर्णैहून आला, त्यांच्या मुलीचा. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ते पुस्तक कुणाच्या हाती लागणार? माणूस गेला आणि मी चोरीच्या मालाची चिंता करत बसले... लाज वाटते, पण तसंच झालं.

जेद्दाला बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, आम्ही दोघं एका हाजीसाहेबांकडे काम करत होतो. त्यांचं घराणं मूळचं चीनच्या पश्चिम टोकाच्या काशगरचं. तिकडच्या तुर्की बोलीत मिशनऱ्यांनी छापलेल्या पुस्तकांची एक पेटी त्यांच्या आजोबांनी येताना आणलेली. दिनदर्शिका, अंकगणितं, येशूच्या गोष्टी. अशी पुस्तकं आता फार थोडी उरलीत, म्हणून ती एका ग्रंथालयाला द्यायची होती आणि त्यासाठी यादी हवी होती. इब्राहिमभाई पेशाने बाइंडर, काशगरी शेजाऱ्यांकडून ती भाषा शिकलेले. ते प्रत्येक पुस्तकाची मराठीत चिठ्ठी लिहीत, मी ती यादीत इंग्रजीत टाइप करत असे. शाईचा डाग असो की कुणाचं नाव, चिठ्ठीवर यायचंच. "वहिनी, जे आहे ते लिहायचं. आपण कोण लपवणारे?"

माझा स्वभाव मुळात संशयी. भाजीवाल्याच्या काट्याकडेही मी पोलिसासारखी बघते, असं नवरा म्हणतो. एका दुपारी इब्राहिमभाईंनी एक बारीकसं पुस्तक चिठ्ठी न करता पिशवीत सरकवलेलं मी पाहिलं. पेटीत मी बेचाळीस मोजली होती; यादी एकेचाळीसवर थांबली.

"एखादं राहिलं का हो?"

"नाही... संपली," म्हणाले आणि बिनसाखरेचा चहा ढवळत राहिले.

झालं! माझं डोकं फिरलं. मी सरळ हाजीसाहेबांना सांगितलं, तेही त्यांच्या दोन पुतण्यांदेखत. इब्राहिमभाईंना बोलावणं गेलं. पुस्तक नेलं का? "नेलं." का नेलं? त्यांनी पुतण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथे सांगता येणार नाही." मी मनात म्हटलं, बघा, चोर सापडला! हाजीसाहेब एवढंच म्हणाले, "खलास." काम सुटलं; पुस्तक परत मागितलंही नाही. नंतर इब्राहिमभाई दोनदा हाजीसाहेबांना एकट्याने भेटायला आले, पुतण्यांनी दारातूनच परत पाठवलं. मग गावी गेले ते गेलेच.

गेल्या आठवड्यात हर्णैचा एक माणूस इब्राहिमभाईंचा बिस्किटांचा डबा माझ्याकडे घेऊन आला. आत ते पुस्तक. सुटी झालेली पानं नव्या दोऱ्याने शिवलेली, पुठ्ठा नवा. वर चिठ्ठी: "क्र. ४२. पहिल्या पानावर हाजीसाहेबांच्या आईचं नाव. मिशनच्या शाळेत पाठांतराचं बक्षीस. यादीत घेऊ नये. शिवून फक्त हाजींच्या हातात द्यायचं."

इथे जेद्दात आपल्या आईचं नाव कुणी परक्यांसमोर घेत नाही, त्यातून ती पाद्र्यांच्या शाळेत शिकलेली. आणि मी त्या माणसाला चारचौघांत तेच बोलायला लावत होते! रडू आवरेना. पण मेली सवय बघा, डोळे पुसत पुसत मी पानं मोजली. सगळी होती.

पुस्तक हाजीसाहेबांना एकट्यांना गाठून दिलं, चिठ्ठी उर्दूत समजावून सांगितली. त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, पुतण्यांना हाक मारून समोर बसवलं आणि मोडक्या उर्दूत मला म्हणाले, "यादीत घ्या. पुस्तक माझ्याकडे राहील."

भाषा, आकार, पानं... मी लिहीत गेले. पुस्तकावरच्या नावाचा रकाना कोरा ठेवला. शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितली, पुतण्यांना ऐकू जाईल अशी, दोनदा:

"शिलाई: इब्राहिम परकार, हर्णै."