काकांचा चष्मा

शेजारच्या खोलीतले काका दुसऱ्याच्या कीबोर्डला कधीच हात लावत नाहीत. हात पाठीमागं बांधून म्हणतात, "वाच, बाबू."

मी नववीत शाळा सोडलेली, गाव लांब किनवटकडं. कुणासमोर इंग्रजी वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. पण दुसऱ्या दिवशी बिडकीनच्या कारखान्यात साहेबांना मशीनच्या तापमानाचा आलेख दाखवायचा होता. जमला तर ऑफिसात, नाहीतर परत माल उचलायला. आणि पायथन नावाच्या प्रोग्रॅममध्ये आलेख काढायची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, चालेना. स्क्रीनभर लाल अक्षरं.

"तुम्हीच वाचा ना, काका."

"चष्म्याची काडी मोडलीय. तूच वाच. खालून सुरू कर, कामाचं खालीच असतंय."

अडखळत वाचलं. लायब्ररी सापडत नाही, असं होतं.

"कंप्युटरात पायथन किती हायत?"

दोन निघाले.

"बघ! सामान एका खोलीत उतरवलं अन् दुसरीत हुडकतोस व्हय?"

लायब्ररी बरोबर पायथनात बसवली. आलेख उघडला तेव्हा काका निघाले होते. दारातूनच म्हणाले, "दोनच्या आकड्यापाशी रेघ लई चढलीय. साहेब तेच विचारतील."

ते बारीक आकडे त्यांनी बिनचष्म्यानं वाचले होते.

ऑफिसातलं काम मिळालं. माझ्याकडं आले की काकांची काडी अजूनही मोडलेलीच असते. मी विचारत नाही. वाचतो.